पेटत्या धुळीचा हिशोब कोणाच्या खात्यावर?



कापूस आणि ज्वारी ही कोरडवाहू शेतकऱ्याची दोन पिके. पाऊस दगा देतो तेव्हा ती शेतात करपतात. बाजार दगा देतो तेव्हा ती घरात पडून राहतात. त्यांचे तिसरे मरण मात्र आपण कधी मोजत नाही. शेतातून निघालेला माल जिनात, तेलाच्या गिरणीत, गोदामात, पशुखाद्याच्या कारखान्यात पेटतो. कधी नुसता पेटत नाही, तर स्फोट होऊन छप्पर उडवतो. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात ठरलेले वाक्य येते : ‘शॉर्टसर्किटमुळे आग लागल्याचा अंदाज.’ पंचनामा होतो, विम्याचा माणूस येऊन जातो, मालक पुन्हा उभा राहतो. भाजलेला मजूर कोणाचा होता, हे कोणी विचारत नाही. तो आपलाच असतो. नापिकीच्या वर्षी हंगामभर जिनात पाळी करायला गेलेला, आपल्याच गावचा पोरगा.

आमचे म्हणणे सरळ आहे. अशा आगी नशिबाने लागत नाहीत. धूळ कशी पेटते, यंत्र कसे असावे, मोटार कशी असावी, याचे ज्ञान शंभर वर्षांहून जुने आहे. ते वापरले जात नाही, कारण न वापरल्याचा तोटा मालकाच्या खिशाला लागत नाही. तो मजुराच्या अंगाला आणि शेतकऱ्याच्या मालाला लागतो.

धूळ म्हणजे बारीक केलेले इंधन

लाकडाचा ओंडका काडीने पेटत नाही, भुसा पेटतो. हे आपल्या घरातली बाई जाणते. ज्वारीचे पोते काडीने पेटणार नाही. पण त्याच ज्वारीची धूळ हवेत उधळली, की प्रत्येक कणाला चारी बाजूंनी हवा मिळते आणि सगळे कण एकदम जळतात. मोकळ्या खळ्यावर त्याचा नुसता भडका होईल. बंद खोलीत, बंद पाइपात, बंद एलेव्हेटरमध्ये त्याच भडक्याचा स्फोट होतो. पाच गोष्टी एकत्र याव्या लागतात : जळणारी धूळ, हवा, धूळ उधळणे, बंद जागा आणि ठिणगी. पाचांतली एक काढली तरी स्फोट टळतो. सगळे स्फोट-संरक्षणाचे शास्त्र या एका वाक्यात आहे.

किती धूळ लागते? धान्याच्या धुळीला एका घनमीटर हवेत साधारण ५० ते ६० ग्रॅम पुरतात. आता हिशोब करू. फरशीवर आणि कैचीवर मिळून १ मिलिमीटर जाडीची धूळ साचली आहे, म्हणजे ज्वारीच्या दाण्याच्या चौथ्या हिश्श्याएवढी. एका घनमीटर धुळीचे वजन ५०० किलो धरले तर दर चौरस मीटरला अर्धा किलो धूळ झाली. ती ५ मीटर उंचीच्या खोलीत उधळली तर दर घनमीटरला १०० ग्रॅम. जेवढी लागते तिच्या जवळजवळ दुप्पट. ज्या थरावर बोटाने नाव लिहिता येते, तो थर इमारत पाडायला पुरतो.

हे उधळणे कोण करतो? पहिला लहान स्फोट. तो यंत्राच्या पोटात होतो आणि त्याच्या धक्क्याने कैचीवरची, पत्र्यावरची, वर्षानुवर्षे न झाडलेली धूळ खाली येते. मग दुसरा स्फोट होतो, आणि बहुतेक माणसे त्या दुसऱ्यात मरतात. म्हणून मालकाने यंत्र कितीही नवे आणले, तरी कैची झाडली नसेल तर ते नवेपण काही कामाचे नाही.

जगाने प्राण मोजून शिकलेला धडा

हे काही कालचे शोध नाहीत. १७८५ मध्ये इटलीतल्या तुरिन शहरात एका बेकरीच्या पिठाच्या कोठारात स्फोट झाला आणि त्याची शास्त्रीय नोंद झाली. १८७८ मध्ये अमेरिकेत मिनियापोलिसची वॉशबर्न पिठाची गिरणी उडाली, १८ माणसे मेली. १९७७ च्या डिसेंबरात लुइझियाना राज्यातल्या वेस्टवेगो इथे धान्याच्या कोठारात ३६ माणसे गेली. पाचच दिवसांनी टेक्सासमधल्या गॅल्व्हेस्टन बंदरात दुसरे कोठार उडाले.

तेव्हा कुठे सरकार हलले, आणि तेही दहा वर्षांनी. १९८७ मध्ये अमेरिकेने धान्य हाताळणाऱ्या कारखान्यांसाठी नियम केला : धोक्याच्या जागी ३.२ मिलिमीटरपेक्षा जास्त धूळ साचू द्यायची नाही, वेल्डिंगला लेखी परवानगी हवी, एलेव्हेटरच्या बेअरिंगवर आणि पट्ट्यावर लक्ष हवे. धान्य-व्यापाराची संघटना ‘खर्च परवडत नाही’ म्हणत न्यायालयात गेली. नियम मात्र राहिला आणि धान्याच्या कोठारांतले बळी घटले.

साखरेच्या कारखान्याला हा नियम लागू नव्हता. २००८ च्या फेब्रुवारीत जॉर्जिया राज्यात पोर्ट वेंटवर्थ इथल्या इंपीरियल शुगर कारखान्यात साखरेच्या धुळीचा स्फोट होऊन १४ कामगार मेले. चौकशीत काय निघाले? साखर वाहणारा पट्टा आदल्या वर्षी पोलादी पत्र्यांनी झाकला होता. माल स्वच्छ राहावा हा हेतू. पण आतली धूळ ओढून घेण्याची सोय केली नाही. झाकणाच्या आत धूळ दाटली आणि बहुधा तापलेल्या बेअरिंगने ती पेटवली. एकाच देशात, एकाच तऱ्हेची धूळ : जिथे नियम होता तिथे मरणे घटली, जिथे नव्हता तिथे १४ तिरड्या निघाल्या. याहून स्पष्ट पुरावा कोणता हवा?

ज्वारी पिकवणाऱ्या कॅन्सस राज्यातही १९९८ मध्ये हेसव्हिल इथे धान्याचे भले मोठे कोठार उडाले आणि ७ माणसे गेली. चौकशीत बोट दाखवले गेले ते वंगणावाचून अडकलेल्या रोलरच्या बेअरिंगकडे. वंगण! आपण बैलगाडीच्या आसाला न विसरता घालतो ते.

कापसाचे वेगळे दुखणे

कापसाचे तंतू ज्वारीच्या पिठासारखे सहज स्फोट करीत नाहीत. ते आग पळवतात. भिंतीवर, वायरवर, पत्र्यावर चिकटलेल्या रुईच्या लवेवरून आग डोळ्यांदेखत एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जाते. अमेरिकेच्या वीज-नियमावलीत धोक्याच्या जागांचे तीन वर्ग आहेत : पहिला वायू आणि वाफेचा, दुसरा धुळीचा, तिसरा सहज पेटणाऱ्या तंतूंचा. कापसाचे जिन हे या तिसऱ्या वर्गाचे ठळक उदाहरण. तिथे नियम असा, की जिच्यावर जादा भार येऊ शकतो अशा मोटारीचे अंग १२० अंशांच्या वर तापता कामा नये.

आणि बारीक धूळ असली तर तंतूसुद्धा स्फोट करतात. १९८७ च्या मार्चमध्ये चीनमधल्या हार्बिन शहरात तागासारख्या जवसाच्या धाग्याच्या गिरणीत धुळीचा स्फोट झाला. ५८ कामगार मेले, १७७ जखमी झाले. सरकीवरचे आखूड तंतू काढणाऱ्या यंत्रापाशी जी धूळ उडते, तीही बारीक असते. तिला ‘कचरा’ म्हणून नाक मुरडू नका.

जिनात ठिणगी येते कुठून? कापसात आलेला दगड, खिळा, तार. रोलरला गुंडाळलेले आणि घासून तापलेले तंतू. कोरडे पडलेले बेअरिंग. रुईने गाडली गेलेली मोटार, कारण गोधडी पांघरलेल्या मोटारीची उष्णता बाहेर जाणार कशी? कापूस ओढणारा पंखा मग ती ठिणगी पाइपातून थेट गंजीवर नेऊन टाकतो. त्याहून कपटी आग गाठीतली. दाबून बांधलेल्या गाठीच्या पोटात निखारा कित्येक दिवस धुमसतो आणि गाठ फोडली की भडकतो. म्हणून जिनात आग लागून विझली, की त्या वेळी बांधलेल्या गाठी वेगळ्या, उघड्यावर ठेवायच्या असतात. किती जिनांत ठेवतात?

२००० साली सुरू झालेल्या कापूस तंत्रज्ञान मिशनमध्ये जिनांच्या आधुनिकीकरणाला अनुदान मिळाले. हाताने वाहणे गेले, पाइप आले, पट्टे आले. चांगले झाले. पण यंत्र वाढले की ठिणगीच्या जागाही वाढतात. मोठे लोहचुंबक, ठिणगी ओळखून पंखा बंद करणारी यंत्रणा, धूळ ओढणारी यंत्रणा या गोष्टी त्याच वेगाने आल्या का, हे प्रत्येक तालुक्यात आपणच विचारायला हवे.

सरकीच्या तेलाची वाफ

सरकीच्या पेंडेतले उरलेले तेल काढायला हेक्झेन नावाचे द्रावण वापरतात. त्याची वाफ हवेपेक्षा जवळजवळ तिप्पट जड असते. ती वर जात नाही, जमिनीलगत सरपटते, खड्ड्यात आणि गटारात उतरते. हवेत सव्वा टक्क्याच्या आत असली तरी पेटते, आणि साधारण सव्वादोनशे अंश तापलेल्या पृष्ठभागाला ठिणगीचीही गरज उरत नाही. १९८१ च्या फेब्रुवारीत अमेरिकेच्या लुइव्हिल शहरात सोयाबीन तेलाच्या कारखान्यातले हेक्झेन गटारात उतरले आणि पहाटे रस्तेच्या रस्ते उडाले. कारखाना एकीकडे, स्फोट भलत्याच मोहल्ल्यात. कारखान्याचे गटार आपल्या गावाच्या नाल्याला मिळत असेल, तर हा प्रश्न फक्त कारखान्याचा नाही. आता धान्यापासून इथेनॉल काढणारे कारखानेही आहेत. तिथे धान्याची धूळ आणि इथेनॉलची वाफ एकाच कुंपणात नांदतात.

मोटार म्हणजे नुसती मोटार नव्हे

यावरची यंत्रविद्या कोळशाच्या खाणीत जन्मली. १९१३ मध्ये वेल्समधल्या सेंघेनिड खाणीत ४३९ कामगार मेले. घंटेच्या तारेची ठिणगी कारण असावी असा संशय आला. त्यातून असे विजेचे मंडल शोधले गेले, की ज्याची ठिणगीच वायू पेटवण्याइतकी ताकद धरत नाही. दुसरा मार्ग ‘फ्लेमप्रूफ’ डब्याचा. वायू डब्यात शिरला आणि आत स्फोट झाला, तरी डबा फुटत नाही. ज्वाळा झाकणाच्या अरुंद फटीतून बाहेर येताना थंड होते आणि बाहेरचा वायू पेटत नाही.

आता यातली मेख बघा. त्या डब्याचा एक बोल्ट कमी असला, फटीवर रंगाचा थर दिला, रबराचे पॅकिंग कोंबले, केबलचे भोक उघडे ठेवले, की तो फ्लेमप्रूफ डबा साधा डबा होतो. वर छापलेली खूण तशीच दिसते. आपल्या विहिरीवरची जळालेली मोटार आपण चौकातल्या वायंडिंगवाल्याकडे देतो, ते ठीक. स्फोटाच्या जागेची मोटार अशी कुठेही उघडून चालत नाही.

आणि वायूसाठीची मोटार धुळीला चालेलच असेही नाही. धुळीच्या जागी डबा असा हवा, की धूळ आत शिरूच नये आणि बाहेरचे अंग तापू नये. नियम असा : धुळीचा ढग ज्या उष्णतेला पेटतो, तिच्या दोन-तृतीयांशाच्या वर यंत्राचे अंग जाऊ द्यायचे नाही. ढग ३९० अंशांना पेटत असेल तर मर्यादा २६०. शिवाय ५ मिलिमीटरचा साचलेला थर ज्या उष्णतेला धुमसतो, तिच्यापेक्षा ७५ अंश खाली राहायचे. दोन्हींत जी मर्यादा कमी ती पाळायची. हे सगळे भारतीय मानक ब्युरोच्या ६००७९ क्रमांकाच्या मानकांत आहे. युरोपने १९९४ आणि १९९९ च्या निर्देशांनी मालकावरच बंधन घातले : आपल्या कारखान्यात धोक्याची जागा कोणती, तिथे कोणते यंत्र, हे लेखी मांडून ठेवा. मालकाने स्वतः लिहायचे, म्हणजे उद्या ‘माहीत नव्हते’ म्हणता येत नाही.

कायदा होता, आहे, आणि तरीही

आपल्या देशात कायदा नव्हता असे नाही. १९४८ च्या कारखाना कायद्याच्या ३७ व्या कलमात स्फोटक धुळीसाठी तीन गोष्टी स्वच्छ लिहिल्या होत्या : यंत्र बंदिस्त करा, धूळ साचू देऊ नका, ठिणगीची कारणे दूर करा. आता त्या कायद्याच्या जागी २०२० ची व्यावसायिक सुरक्षा संहिता आली. जुन्या कायद्यात वीज वापरणाऱ्या ठिकाणी १० कामगार असले की तो कारखाना. संहितेत ही संख्या २०. खेड्यातली लहान जिने, डाळमिली, पशुखाद्याची युनिटे नेमकी या दोन आकड्यांच्या मध्ये बसतात. १९ कामगारांच्या जागी धूळ कमी जोराने पेटते असे कोणत्या शास्त्राने सांगितले?

आणि एक दैवदुर्विलास पाहा. स्फोटक पदार्थ आणि पेट्रोलियमच्या सुरक्षेचे केंद्र सरकारचे मुख्यालय नागपुरात आहे. देशाचे राष्ट्रीय अग्निशमन महाविद्यालय नागपुरात आहे. कापूस जिनिंगचे प्रशिक्षण केंद्रही नागपुरात आहे. तिन्ही आमच्या कापसाच्या मुलखात, आणि तिथले शहाणपण तालुक्याच्या जिनापर्यंत पोहोचत नाही. वणी-चंद्रपूरकडे कोळशाची खाण आणि कापसाचे जिन शेजारी नांदतात. खाणीत वायूच्या जागी साधी मोटार उतरवली तर गहजब होतो. शेजारच्या जिनात रुईने गाडलेली उघडी मोटार फिरते आणि कोणाच्या कपाळाला आठी पडत नाही. खाण काही जन्मतः शहाणी नव्हती. १९६५ मध्ये धोरीच्या खाणीत २६८ माणसे गेली. अशा मरणांतून ती शहाणी झाली. जिनाने शहाणे व्हायला किती मरणे लागणार?

‘तुम्हीच तर लायसन-राज्याच्या विरुद्ध!’

व्यापारी आणि काही आपलेही मित्र आम्हाला टोकतात : तुम्हीच परवाने नकोत म्हणता, मग इन्स्पेक्टर कशाला मागता? उत्तर देतो. ज्वारी कोणाला विकावी, कापूस कोणत्या जिल्ह्यात न्यावा, हे सरकारने सांगू नये, हे आमचे म्हणणे कायम आहे. तो आमचा माल आणि आमचा सौदा. पण दुसऱ्याच्या पोराच्या अंगावर छप्पर पाडण्याचे स्वातंत्र्य कोणत्याही सौद्यात नसते. रजिस्टरच्या कोपऱ्यावरची सही पाहून चहा पिऊन जाणारा इन्स्पेक्टर आम्हालाही नको. आम्हाला हवे ते सर्वांसमोर, फळ्यावर लिहिलेले मोजमाप : कैची कधी झाडली, बेअरिंगला वंगण कधी दिले, चुंबक कधी साफ केले. हे वाचायला साहेब लागत नाही, माल घेऊन आलेला शेतकरी पुरेसा आहे.

दुसरा आक्षेप खर्चाचा. ‘हे सगळे केले तर कापसाचा भाव कमी द्यावा लागेल.’ हे गणित आम्ही ओळखतो. शेतमालाचा उत्पादन-खर्च काढताना घरच्या बाईच्या मजुरीची किंमत शून्य धरणारे हेच ते गणित. ज्याचा आवाज नाही त्याचा खर्च धरायचा नाही आणि मग माल स्वस्त पडतो म्हणून पाठ थोपटायची. शिवाय झाडू, वंगण, चुंबक, पट्टा सरकला की बंद होणारा स्विच, यंत्राचे अर्थिंग, बिडी-काडीला बंदी, यांतली कोणती गोष्ट जिनाला बुडवते? महाग गोष्टी आहेत, नाही असे नाही. पण निम्मा धोका स्वस्त गोष्टींनी जातो, आणि त्याही होत नाहीत, तेव्हा खर्चाचे नाव पुढे करणे म्हणजे ढोंग.

तिसरी गोष्ट आपल्या पदराची. हंगामात किती जण ‘भाव नंतर करू’ म्हणून कापूस जिनात टाकून येतात? हातात कच्ची चिठ्ठी. आग लागली की ज्याच्या नावावर नोंद, त्याला विमा. चिठ्ठीवाल्याच्या वाट्याला राख. सुरक्षेचा प्रश्न मजुराचा आणि माल तारण टाकणाऱ्याचाही आहे.

जिल्हा बैठकीपुढचे ठराव

एक. शेतकऱ्यांच्या कंपन्यांनी चालवलेल्या प्रत्येक जिनात, डाळमिलीत, धान्य साफ करण्याच्या युनिटात धोक्याच्या जागांचा नकाशा भिंतीवर लावावा. दुसऱ्याला सांगण्याआधी आपल्या घरापासून सुरुवात.

दोन. जुनी मोटार घेताना ‘किती एच.पी.’ एवढेच विचारू नये. कोणत्या धुळीसाठी वा वायूसाठी, किती तापते, हे पाटीवर वाचावे. पाटी नसेल तर मोटार धोक्याच्या जागी लावू नये.

तीन. धूळ संकुचित हवेने उडवून झाडू नये. ती उडवणे म्हणजे ढग तयार करणे. यंत्र बंद करून, हलक्या हाताने झाडावी वा ओढून घ्यावी.

चार. धूळ वा वाफ असलेल्या जागी वेल्डिंग करण्यापूर्वी यंत्र थांबवून, जागा साफ करून, लेखी परवानगी द्यावी. तोंडी ‘हो’ चालणार नाही.

पाच. कामगारांची संख्या १९ असो वा २०, धूळ असेल तिथे नियम लागू करावा, अशी मागणी राज्य सरकारकडे करावी.

सहा. जिनात टाकलेल्या प्रत्येक क्विंटलची पक्की पावती आणि त्या मालाचा विमा शेतकऱ्याच्या नावे असावा.

सात. नागपूरच्या तिन्ही संस्थांना हंगाम सुरू होण्यापूर्वी प्रत्येक कापूस तालुक्यात एक दिवसाचे शिबिर घ्यायला लावावे. ते येत नसतील तर आपण ट्रॅक्टर भरून तिकडे जावे.

हे ठराव वाचून टाळ्या वाजवून उठू नका. या हंगामात पहिली गाडी घेऊन जिनात जाल तेव्हा काट्याकडे बघण्याआधी मान वर करून कैचीकडे बघा. तिथे पांढरा थर दिसला तर गाडी सोडण्याआधी मालकाला विचारा. एकट्याने विचारले तर तो हसेल. दहा गाड्यांनी रांगेत विचारले तर झाडू निघेल.